विश्लेषण : एकीकडे ९७ ‘तेजस’, दुसरीकडे वाहून गेलेले सोयाबीन... संरक्षण खर्च आणि गावाकडचा खर्च यांच्या वादात रेणापूरकराने काय पाहावे?

सप्टेंबर २०२५च्या अखेरीस मराठवाड्यात पुराचे पाणी शेतांत उभे होते. त्याच आठवड्यात, २५ सप्टेंबर रोजी, संरक्षण मंत्रालयाने हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेडशी ९७ ‘तेजस मार्क १ए’ लढाऊ विमानांचा ६२,३७० कोटी रुपयांचा करार केला. त्यानंतर बारा दिवसांनी, ७ ऑक्टोबरला, राज्य सरकारने अतिवृष्टीग्रस्तांसाठी ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. दोन्ही आकडे एकापाठोपाठ एक आल्याने तुलना होणे साहजिक होते. ‘विमानांना पैसा आहे, शेतकऱ्याला नाही’ हा एक सूर आणि ‘सीमेवर जवान आहे म्हणून शेत आहे’ हा दुसरा. गावातल्या कट्ट्यापासून मोबाइलवरच्या गटांपर्यंत हाच वाद रंगला. या वादात तथ्य किती, राजकारण किती आणि लातूर जिल्ह्यातल्या रेणापूरसारख्या तालुक्याचा त्याच्याशी थेट संबंध काय, याचा हा आढावा.

देश संरक्षणावर नेमका किती खर्च करतो?

केंद्राच्या २०२५-२६च्या अर्थसंकल्पात संरक्षण मंत्रालयासाठी ६,८१,२१० कोटी रुपयांची तरतूद आहे. आधीच्या वर्षाच्या तुलनेत ही वाढ सुमारे साडेनऊ टक्के. केंद्राचा एकूण खर्च ५०.६५ लाख कोटींचा आहे. म्हणजे दर शंभर रुपयांतले साधारण साडेतेरा रुपये संरक्षणाला जातात. सर्वात मोठा वाटा मात्र संरक्षणाचा नाही, तो व्याजाचा आहे. जुन्या कर्जांवरील व्याजापोटी केंद्र या वर्षात सुमारे १२.७६ लाख कोटी देणार आहे. म्हणजे शंभरातले पंचवीस रुपये कोणत्याही मंत्रालयाच्या हाती पडण्याआधीच संपतात.

शेजारी गावाकडचे आकडे ठेवू. अन्न अनुदान सुमारे २.०३ लाख कोटी, खत अनुदान सुमारे १.६८ लाख कोटी, रोजगार हमी ८६,००० कोटी आणि पीएम-किसान ६३,५०० कोटी. या चार खात्यांची बेरीज सव्वापाच लाख कोटींच्या आसपास जाते. ती संरक्षणापेक्षा कमी आहे, पण ‘सगळा पैसा लष्करालाच’ हे म्हणणे या आकड्यांवर टिकत नाही.

देशाच्या सकल उत्पन्नाच्या हिशेबात संरक्षणाचा वाटा २०२५-२६ मध्ये दोन टक्क्यांच्या थोडा खाली होता. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात तो तीन टक्क्यांच्या वर होता. त्यामुळे रक्कम दरवर्षी ‘विक्रमी’ असते आणि वाटा मात्र घटलेला असतो. सत्ताधारी रक्कम सांगतात, विरोधक टक्केवारी सांगतात. दोघेही खरेच बोलत असतात. पक्ष सत्तेतून विरोधात गेला की तो रक्कम सोडून टक्केवारीकडे वळतो.

या पैशातून शस्त्रे किती येतात?

संरक्षणाच्या दर शंभर रुपयांतले सुमारे साडेतेवीस रुपये माजी सैनिकांच्या निवृत्तिवेतनावर जातात. ही रक्कम १,६०,७९५ कोटी आहे. पगार, इंधन, दारूगोळा, दुरुस्ती अशा रोजच्या खर्चाला सुमारे शेहेचाळीस रुपये लागतात. नवी विमाने, जहाजे, तोफा, रस्ते यांसाठीचा भांडवली खर्च सव्वीस रुपयांच्या आसपास, म्हणजे १,८०,००० कोटी. उरलेले चारेक रुपये मंत्रालयाच्या नागरी कामांचे.

म्हणजे संरक्षण अर्थसंकल्प हा मुख्यतः माणसांवरचा खर्च आहे. त्यातला मोठा हिस्सा गावोगावच्या बँक खात्यांत निवृत्तिवेतन आणि पगार म्हणून पोहोचतो. लष्कराचा खर्च कमी करा, असे बोलणे सोपे असते. पण तो कुठून कमी करायचा, असे विचारले की उत्तर निवृत्तिवेतन किंवा भरती यांवर येऊन थांबते. तिथे कोणत्याही पक्षाची जीभ अडखळते.

६२,३७० कोटी आणि ३१,६२८ कोटी यांची तुलना योग्य आहे का?

सरळ तुलना चुकीची ठरते. त्याची तीन कारणे आहेत.

पहिले, काळ. ‘तेजस’चा करार एका वर्षाचा नाही. विमाने २०२७-२८ पासून मिळू लागतील आणि पुढची सहा वर्षे येत राहतील. पैसाही टप्प्याटप्प्याने जाईल. पॅकेज मात्र याच हंगामासाठी आहे. दहा वर्षांच्या हप्त्यांची बेरीज आणि एका दिवाळीचा किराणा यांची तुलना केल्यासारखे हे आहे.

दुसरे, तिजोरी. विमानांचा पैसा केंद्राचा. पॅकेजचा पैसा मुख्यतः राज्याचा. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत संरक्षण हा केंद्राचा विषय आहे, तर शेती, पाणी, सार्वजनिक आरोग्य हे राज्याचे विषय आहेत. केंद्राने एक विमान कमी घेतले म्हणून तो पैसा आपोआप मुंबईत आणि मुंबईतून रेणापूरला येत नाही.

तिसरे, वाटणी. केंद्राच्या विभाज्य करांतील ४१ टक्के रक्कम राज्यांना मिळते आणि पंधराव्या वित्त आयोगानुसार त्यात महाराष्ट्राचा हिस्सा सुमारे ६.३२ टक्के होता. हा हिस्सा गोळा झालेल्या करावर ठरतो. केंद्राने उरलेला पैसा कशावर खर्च केला, यावर तो ठरत नाही. संरक्षण खर्च अर्धा केला तरी राज्याचा हा वाटा एका रुपयाने वाढणार नाही.

मग या दोन खर्चांचा संबंधच नाही, असे म्हणायचे का? तसेही नाही. संबंध आहे, तो दुसऱ्या वाटेने येतो.

संबंध कुठे येतो?

नुकसानभरपाईचेच उदाहरण घेऊ. पॅकेजमध्ये कोरडवाहू पिकासाठी हेक्टरी १८,५०० रुपये, हंगामी बागायतीसाठी २७,००० आणि बागायतीसाठी ३२,५०० रुपये धरले आहेत. कोरडवाहूच्या १८,५०० पैकी ८,५०० रुपये आपत्ती मदतीच्या ठरलेल्या निकषानुसार मिळतात. उरलेले १०,००० रुपये रब्बीच्या तयारीसाठी राज्याने स्वतःचे घातले आहेत.

निकषातली रक्कम राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून येते. या निधीत महाराष्ट्रासारख्या राज्यासाठी केंद्राचा वाटा ७५ टक्के आणि राज्याचा २५ टक्के असतो. म्हणजे ढोबळमानाने ८,५०० पैकी ६,३७५ रुपये दिल्लीचे आणि बाकीचे मुंबईचे. केंद्राचा निकष दोन हेक्टरपर्यंतचा आहे. राज्याने मर्यादा तीन हेक्टर केली, तेव्हा तिसऱ्या हेक्टरचा भार राज्यावर आला. ऑक्टोबरमध्ये केंद्राने या निधीचा दुसरा हप्ता म्हणून महाराष्ट्राला १,५६६.४० कोटी रुपये आगाऊ देण्यास मंजुरी दिली.

खरा प्रश्न इथे उभा राहतो. ८,५०० रुपयांचा निकष पुरेसा आहे का? दोन हेक्टरची मर्यादा वाढायला हवी का? केंद्राने निधीत आणखी भर घालावी का? हे निर्णय दिल्लीत होतात आणि दिल्लीच्या तिजोरीत संरक्षण, व्याज, अनुदाने, रेल्वे, रस्ते हे सगळे एकाच पंगतीला बसलेले असतात. त्यामुळे विमानांचा आणि सोयाबीनचा संबंध लावायचाच असेल, तर तो पॅकेजशी न लावता या निकषांशी लावायला हवा.

राज्याची तिजोरी किती भरलेली आहे?

महाराष्ट्राचा २०२५-२६चा अर्थसंकल्प ७,००,०२० कोटींचा आहे. महसुली तूट ४५,८९१ कोटींची. राज्यावरचे कर्ज सव्वानऊ लाख कोटींच्या पुढे गेले आहे. एकट्या ‘लाडकी बहीण’ योजनेसाठी ३६,००० कोटी रुपयांची तरतूद आहे. ही रक्कम अतिवृष्टीच्या संपूर्ण पॅकेजपेक्षा जास्त आहे.

म्हणून राज्यातला खरा पक्षीय वाद ‘विमाने की सोयाबीन’ असा नाही. तो ‘दरमहा खात्यात येणारे दीड हजार, कर्जमाफी, की नुकसानभरपाई’ असा आहे. विधानसभा निवडणुकीत महायुतीने कर्जमाफीचे आश्वासन दिले होते. पूर आल्यावर उद्धव ठाकरे यांनी हेक्टरी ५०,००० रुपयांची आणि कर्जमाफीची मागणी केली. पॅकेजमधला नवा पैसा किती आणि रस्ते-पुलांच्या दुरुस्तीसारखी कामे किती, यावरही विरोधकांनी बोट ठेवले. पॅकेजमध्ये पायाभूत सुविधांसाठी सुमारे १०,००० कोटी धरले आहेत. ऑक्टोबरअखेर बच्चू कडू यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी नागपूर रोखल्यावर, ३० जून २०२६ पर्यंत कर्जमाफीचा निर्णय घेऊ, असे सरकारने सांगितले. प्रवीण परदेशी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली.

रेणापूर तालुक्याची राजकीय गंमत इथे दिसते. हा तालुका लातूर ग्रामीण विधानसभा मतदारसंघात येतो. तिथून २०२४ मध्ये भाजपचे रमेश कराड निवडून आले. त्याच वर्षी लातूर लोकसभेतून काँग्रेसचे डॉ. शिवाजी काळगे निवडून आले. म्हणजे रेणापूरकराचा आमदार मुंबईत सत्ताधारी बाकावर आणि खासदार दिल्लीत विरोधी बाकावर. कर्जमाफीचे काय झाले, हे आमदारांना विचारायचे. आपत्तीच्या निकषाचे काय, हे खासदारांना. दोघांनीही चेंडू एकमेकांकडे टोलवला, तर तो कुणाच्या अंगणातला आहे हे मतदाराला ठाऊक असलेले बरे.

संरक्षण खर्चाच्या विरोधात संसदेत कोणी मतदान करते का?

फार क्वचित. अमेरिकेत युद्धनिधी हा उघड पक्षीय झगड्याचा विषय असतो. युक्रेनच्या मदतीचा प्रस्ताव तिथे अनेक महिने अडकला आणि एप्रिल २०२४ मध्ये सुमारे ६१ अब्ज डॉलर मंजूर झाले. ‘आपली सीमा आधी, दुसऱ्याची नंतर’ हा रिपब्लिकन पक्षातल्या एका गटाचा आक्षेप होता. जर्मनीत कर्जमर्यादेच्या नियमावरून नोव्हेंबर २०२४ मध्ये आघाडी सरकार कोसळले. मार्च २०२५ मध्ये तिथे राज्यघटना बदलून संरक्षण खर्चाचा मोठा भाग त्या मर्यादेबाहेर काढण्यात आला. ब्रिटनने संरक्षण खर्च वाढवण्यासाठी गरीब देशांना दिली जाणारी मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यावरून ०.३ टक्क्यावर आणण्याचे ठरवले. तिथे एका खात्यातून काढून दुसऱ्या खात्यात घातलेला पैसा डोळ्यांना दिसतो.

आपल्याकडे तसे होत नाही. संरक्षणावर कमी खर्च करा, असे म्हणणारा पक्ष निवडणुकीत देशप्रेमाच्या परीक्षेला बसवला जातो. म्हणून वाद वेगळ्या दारांनी आत येतो. खर्च पुरेसा आहे का, हे पहिले दार. खरेदी स्वच्छ झाली का, हे दुसरे. बोफोर्स आणि राफेल यांचे वाद तिथले. जवानाला काय मिळते, हे तिसरे. ‘समान पद, समान निवृत्तिवेतन’ आणि ‘अग्निपथ’ हे त्या दारातले. आणि पैसा कोणाच्या खिशातून जाणार, केंद्राच्या की राज्यांच्या, हे चौथे.

मूळ चर्चा मात्र बहुतेक वेळा होतच नाही. लोकसभेत प्रत्येक मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्या मांडल्या जातात, त्यावर कपात सूचना देता येते. पण वेळ संपला की उरलेल्या मागण्या एकगठ्ठा मंजूर होतात. त्याला ‘गिलोटिन’ म्हणतात. मार्च २०१८ मध्ये गोंधळात सगळ्याच मागण्या चर्चेविना मंजूर झाल्या. संरक्षणाच्याही.

त्याच महिन्यात संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीपुढे लष्कराच्या उपप्रमुखांनी सांगितले होते की, लष्कराकडची ६८ टक्के सामग्री जुन्या श्रेणीतली आहे आणि मिळालेला निधी अपेक्षाभंग करणारा आहे. समितीचे अध्यक्ष भाजपचेच मेजर जनरल भुवनचंद्र खंडुरी होते. काही महिन्यांनी समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडून गेले. पक्षीय घोषणांपेक्षा अशा समित्यांच्या अहवालांत जास्त माहिती सापडते. त्या वाचणारे थोडे, एवढाच प्रश्न.

केंद्र विरुद्ध राज्ये हा वाद काय होता?

जुलै २०१९ मध्ये केंद्राने एन. के. सिंह यांच्या अध्यक्षतेखालील पंधराव्या वित्त आयोगाच्या कार्यकक्षेत बदल केला. संरक्षण आणि अंतर्गत सुरक्षेसाठी वेगळी निधी व्यवस्था असावी का, हे आयोगाला पाहायला सांगितले. वरवर तांत्रिक वाटणाऱ्या या बदलावर राज्यांनी कान टवकारले. वाटणीआधीच संरक्षणाचा पैसा बाजूला काढला, तर राज्यांच्या ताटात येणारी भाजी कमी होणार, अशी ती भीती होती. माजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनीही राज्यांना विश्वासात न घेता असे करण्यावर आक्षेप घेतला.

आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी सुमारे २.३८ लाख कोटींचा, न वापरता राहिला तरी रद्द न होणारा आधुनिकीकरण निधी सुचवला. त्यातले सुमारे १.५३ लाख कोटी केंद्राच्या संचित निधीतून येणार होते. केंद्राने शिफारस तत्त्वतः स्वीकारली. राज्यांचा वाटा ४२ वरून ४१ टक्के झाला. त्याचे कारण आयोगाने जम्मू-काश्मीर केंद्रशासित झाल्याचे दिले, संरक्षणाचे नव्हे. पण वाद संपला नाही. उपकर आणि अधिभार यांतला पैसा राज्यांशी वाटून घ्यावा लागत नाही. उद्या संरक्षणासाठी असा अधिभार बसला, तर तो पूर्ण केंद्राचा असेल. लातूर-नांदेडच्या दृष्टीने विमानांच्या किमतीपेक्षा हे सूत्र जास्त महत्त्वाचे आहे. २०२६ ते २०३१ची वाटणी अरविंद पनगढिया यांच्या अध्यक्षतेखालील सोळाव्या वित्त आयोगाच्या अहवालावर ठरायची होती.

यापूर्वी युद्धाचा भार सामान्य माणसावर कधी पडला?

उदाहरणे घरातलीच आहेत. १९६२च्या चीन युद्धानंतर यशवंतराव चव्हाण दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे तेव्हाचे वाक्य आजही लोकांच्या तोंडी आहे. त्यामागचा हिशेब मात्र विसरला गेला. मोरारजी देसाई यांनी १९६३-६४ साठी संरक्षणाला ८६७ कोटींची तरतूद केली, आदल्या अर्थसंकल्पातील तरतुदीच्या दुपटीहून अधिक. त्यासाठी सक्तीची बचत ठेव योजना आली. तिच्यात शेतसारा भरणारे शेतकरीही ओढले गेले. सुवर्ण नियंत्रण आले, चौदा कॅरेटहून शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवण्यावर बंदी आली आणि गावोगावच्या सोनारांच्या भट्ट्या विझल्या. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातला तालुका होता.

विरोध इतका झाला की सक्तीची ठेव सामान्य शेतकऱ्यापुरती काही महिन्यांतच गुंडाळावी लागली. ऑगस्ट १९६३ मध्ये आचार्य कृपलानी यांनी लोकसभेतला पहिला अविश्वास ठराव आणला. तो ६२ विरुद्ध ३४७ मतांनी पडला. पण त्या चर्चेत राममनोहर लोहिया यांनी सत्तावीस कोटी लोक दिवसाला तीन आण्यांवर जगतात, असे सांगून सरकारला आकड्यांत खेचले. युद्धाच्या सावलीत गरिबीचा हिशेब संसदेत मांडला गेला, हे त्या ठरावाचे खरे फलित.

१९६५च्या युद्धात लालबहादूर शास्त्रींनी ‘जय जवान, जय किसान’ म्हटले. दोघांचे नाव एका दमात घेणारी ती घोषणा होती. पण दोन युद्धे आणि दुष्काळ यांनी तिजोरी इतकी ओढली की १९६६ ते १९६९ या काळात पंचवार्षिक योजनाच थांबली आणि वर्षावर्षाच्या योजनांवर भागवावे लागले.

१९७१ मध्ये यशवंतराव अर्थमंत्री होते. पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित आले. त्यांच्यासाठी टपालावर पाच पैशांचे जादा तिकीट लागले, रेल्वे आणि विमानाच्या भाड्यावर कर बसला. साधे पत्र टाकणाराही या खर्चाचा भागीदार झाला. युद्ध डिसेंबरमध्ये संपले आणि पुढच्याच वर्षी महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला. १९७३च्या उन्हाळ्यात राज्यात सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडत होती.

त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली. वि. स. पागे यांची ती कल्पना. राज्याने ती दिल्लीच्या भरवशावर ठेवली नाही. १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला आणि जमेल तेवढ्याच रकमेची भर राज्याने स्वतः घातली. १९७७चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. रेणापूरच्या शाळेतल्या शिक्षकाच्या पगारातून आजही वर्षाला अडीच हजार रुपये व्यवसाय कर म्हणून कापले जातात. त्याचे मूळ या दुष्काळात आहे. कोणत्या कारणासाठी कोणता कर, हे तेव्हा लोकांना स्पष्ट सांगितले गेले आणि लोकांनी तो भरला.

नांदेडच्या अर्थमंत्र्यांनी काय केले होते?

मराठवाड्याचे या विषयाशी आणखी एक नाते आहे. नांदेडचे शंकरराव चव्हाण १९८४ मध्ये काही महिने संरक्षणमंत्री होते आणि पुढे अर्थमंत्री झाले. लातूरचे शिवराज पाटील चाकूरकर यांनीही १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला संरक्षण राज्यमंत्री म्हणून काम पाहिले.

शंकररावांनी फेब्रुवारी १९८९ मध्ये मांडलेल्या अर्थसंकल्पात संरक्षणाची तरतूद १३,००० कोटींवर रोखली. आधीच्या वर्षाच्या सुधारित अंदाजापेक्षा ती किंचित कमी होती. त्याच अर्थसंकल्पात मागास जिल्ह्यांसाठी नेहरूंच्या नावाची रोजगार योजना ५०० कोटींनी सुरू झाली आणि त्यासाठी पन्नास हजारांहून अधिक उत्पन्नावर अधिभार बसला. ते निवडणुकीचे वर्ष होते. विरोधक बोफोर्सवरून आक्रमक होते. जुलैमध्ये महालेखापालांच्या अहवालानंतर लोकसभेतील बहुतेक विरोधी खासदारांनी राजीनामे दिले. वर्षअखेर काँग्रेस सत्तेतून गेली. रोजगार योजना मात्र नाव बदलत, रूप बदलत पुढे चालत राहिली.

बोफोर्सच्या गदारोळात, एका खात्याला चाप लावून दुसऱ्याला हात देण्याचा हा निर्णय जवळपास चर्चेबाहेर राहिला. संरक्षणातल्या घोटाळ्यावर संसद पेटते, संरक्षणाच्या प्रमाणावर मात्र ती फारशी बोलत नाही. हे तेव्हाही खरे होते.

तरुणांसाठी या वादाचा अर्थ काय?

मराठवाड्यात पहाटे रस्त्यावर पळणारी मुले आजही दिसतात. पोलीस भरती आणि सैन्यभरती या दोनच वाटा अनेक कोरडवाहू घरांना दिसतात. जून २०२२ मध्ये आलेल्या ‘अग्निपथ’ने त्यातली एक वाट बदलली. आता भरती चार वर्षांची. त्यातल्या २५ टक्क्यांपर्यंत मुलांना पुढे कायम केले जाते. बाकीच्यांना सुमारे ११ लाख ७१ हजारांचा सेवानिधी मिळतो, निवृत्तिवेतन मिळत नाही.

सरकारचे म्हणणे असे, की यामुळे सैन्य तरुण राहील. विरोधक म्हणतात, की निवृत्तिवेतनाचा भार टाळण्यासाठी जवानाला कंत्राटी केले. दोन्ही बाजू आपापल्या ठिकाणी उभ्या आहेत. पण हिशेब पाहिला तर वादाचा गाभा लक्षात येतो. संरक्षणाच्या शंभर रुपयांतले साडेतेवीस रुपये निवृत्तिवेतनाचे. ते कमी झाले तर विमानांना पैसा उरतो. ते कमी झाले तर गावातल्या एका घराचा आयुष्यभराचा आधारही जातो. शस्त्र की समाजकल्याण हा प्रश्न इथे संरक्षण अर्थसंकल्पाच्या आतच येऊन बसला आहे. शेतीत भागत नाही म्हणून सैन्यात जाणाऱ्या मुलाला तो दोन्हीकडून लागतो.

संरक्षण खर्चातून महाराष्ट्राला काय मिळते?

बरेच काही, पण सगळीकडे सारखे नाही. ‘मार्क १ए’ची तिसरी उत्पादन साखळी नाशिकजवळ ओझरला आहे. तिथे तयार झालेल्या पहिल्या विमानाने १७ ऑक्टोबर २०२५ रोजी उड्डाण केले. खडकी, देहू रोड, भंडारा, अंबाझरी, भुसावळ, वरणगाव येथे आयुध निर्माणी आहेत. २०२५-२६ मध्ये शस्त्रसामग्री खरेदीच्या सुमारे १.४९ लाख कोटींपैकी तीन चतुर्थांश रक्कम देशी उत्पादकांसाठी राखलेली आहे. या खर्चातून रोजगार होतो, छोट्या कारखान्यांना काम मिळते. पण वरची नावे पाहा. ती नाशिक, पुणे, खानदेश आणि विदर्भातली आहेत. मराठवाड्यातले एकही नाही. सोयाबीनचा हमीभाव २०२५-२६ मध्ये क्विंटलला ५,३२८ रुपये होता आणि बाजारात त्याहून कमी भावाने माल विकावा लागतो, अशी इथल्या शेतकऱ्यांची तक्रार होती. अशा भागाला ‘संरक्षण खर्चातून विकास’ हे वाक्य दूरचे वाटले, तर नवल नाही.

पुढचा मेसेज आला तर काय तपासावे?

‘एका विमानात इतकी धरणे, एका पाणबुडीत इतकी रुग्णालये’ असे मेसेज येतच राहतील. उलट बाजूचे, ‘फुकट योजनांनी देश दुबळा झाला’ असेही येतील. दोन्हींना काही साधे प्रश्न विचारता येतात. ही रक्कम एका वर्षाची आहे की अनेक वर्षांची? पैसा केंद्राचा की राज्याचा? जाहीर झाला, मंजूर झाला, की खात्यात आला? त्यात नवा पैसा किती आणि आधीच ठरलेला किती? आणि बोलणारा पक्ष सत्तेत होता तेव्हा त्याने काय केले होते?

रेणापूरसाठी २०२५च्या अखेरपासून जून २०२६ पर्यंत तीन गोष्टी महत्त्वाच्या. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्यांमध्ये पॅकेजसाठी प्रत्यक्ष किती पैसा दाखवला जातो, ही पहिली. फेब्रुवारीच्या केंद्रीय अर्थसंकल्पासोबत सोळाव्या वित्त आयोगाच्या शिफारशींवर केंद्र काय भूमिका घेते आणि आपत्ती निधीचे काय होते, ही दुसरी. ३० जून २०२६ ही कर्जमाफीच्या निर्णयाची तारीख, ही तिसरी. विमानांवरची भाषणे या तिन्हींपेक्षा मोठ्या आवाजात होतील. सातबारा ज्याच्या नावावर आहे, त्याने मात्र या तीन तारखा लिहून ठेवाव्यात.